डाव कुणाचा?

एका नवशिक्या खेळाडूच्या वहीची प्रस्तावना

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुण्यात आला आणि आमच्याकडे राहू लागला. सामानात प्लेस्टेशन होता. जुलैतली संध्याकाळ होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि दिवसभर प्रुफं तपासून माझे डोळे शिणले होते. त्यानं दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि ‘टेकन ८’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम सुरू केला. तासाभरात मी सलग अकरा सामने हरले. हरल्याचं काही वाटलं नाही, पण आपण का हरतोय तेच दिसत नव्हतं आणि त्यानं मी बेचैन झाले. बटणं मी त्याच्याइतकीच भराभर दाबत होते, कधी जास्तच. तरी माझा प्रत्येक फटका अर्ध्यातच तुटायचा. शेवटी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तू मारतेस ते ठीक आहे गं, पण तेव्हा डाव तुझा नसतो.”

ही वही त्या एका वाक्यातून निघाली. गेली पावणेदोन वर्षं मी हा खेळ शिकते आहे आणि जे कळेल ते रात्री झोपण्यापूर्वी मराठीत टिपून ठेवते आहे. भाच्याच्या मैत्रिणींपैकी दोघींनी ती टिपणं वाचायला नेली, त्यांच्या झेरॉक्स निघाल्या, आणि आता ती एकत्र बांधून द्या असा आग्रह झाला. मी निष्णात खेळाडू नाही. निष्णात खेळाडूला काही विचारलं, की तो मनापासून म्हणतो, “ते दिसतंच ना!” त्याला ते खरोखरच दिसत असतं. मला ते दिसत नव्हतं, मग हळूहळू दिसू लागलं. या मधल्या काळाची ही नोंद आहे.

थोडं मागून सुरू करते. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आला तेव्हा पडद्यावरची मारामारी भिंतीवरच्या सावल्यांसारखी होती. पुढे जा, मागे या, उडी मारा, खाली बसा. बाजूला सरकायला जागाच नव्हती, कारण चित्राला खोली नव्हती. १९९३ मध्ये जपानच्या सेगा कंपनीत यू सुझुकी यांच्या चमूनं ‘व्हर्चुआ फायटर’ आणला. त्यातली माणसं पत्र्याचे रंगीत तुकडे जोडून केल्यासारखी दिसायची, नाकडोळे नावापुरते. पण ती वळली की त्यांची पाठ दिसायची, पडली की अंगाला वजन असल्यासारखी पडायची. त्या कामात सहभागी असलेले सेइइची इशिई पुढे नामको कंपनीत गेले आणि १९९४ मध्ये त्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘टेकन’ आला. मूळ जपानी शब्द ‘तेक्केन’, म्हणजे लोखंडी मूठ.

टेकनमधली मला सर्वांत आवडलेली कल्पना पहिल्या भागापासून त्याच्यात आहे. हल्ल्याची बटणं चार, आणि ती चार म्हणजे आपले दोन हात आणि दोन पाय. स्ट्रीट फायटरमध्ये बटणं हलक्या, मध्यम आणि जोरकस फटक्यांची होती. इथे डाव्या हाताचं बटण दाबलं की पडद्यावरच्या माणसाचा डावा हात पुढे येतो, उजव्या पायाचं दाबलं की उजवा पाय उचलला जातो. पहिल्या आठवड्यात मला कुठलाच फटका नीट येत नव्हता, तरी समोरचं शरीर आपलं आहे ही भावना मात्र तिसऱ्याच दिवशी आली, ती या साध्या मांडणीमुळे.

पहिल्या दोन भागांत बाजूला सरकणं जवळजवळ नव्हतंच. ते सगळ्यांच्या हाती आलं १९९७ च्या ‘टेकन ३’ मध्ये. १९९८ मध्ये तो प्लेस्टेशनवर आला आणि मग आपल्याकडच्या गल्ल्यांतही पोचला. तासावर पैसे घेणारी व्हिडिओ गेम पार्लरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना टेकन म्हटलं की तोच भाग आठवतो. कापोएरा या ब्राझीलच्या लढाऊ नृत्यासारख्या कलेत तरबेज असलेला एडी गोर्डो घ्यायचा आणि लाथांची दोन बटणं बडवत राहायचं, ही तिथली सर्वांत लोकप्रिय युक्ती. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या रस्त्यावरच्या पार्लरच्या दाराशी चपलांचा ढीग असायचा आणि त्या ढिगात मुलीची चप्पल मी एकदाही पाहिली नाही. आतला आरडाओरडा ऐकून पाय थबकायचे. आत मात्र कधी गेले नाही. ते राहून गेलेलं मनात पंचवीस वर्षं होतं, हे मला कंट्रोलर हातात आल्यावर कळलं. ही वही ज्या मुली वाचतील त्यांना माझं मनापासून सांगणं आहे, की कुणी देईल याची वाट पाहू नका, कंट्रोलर मागून घ्या.

आता डावाकडे येते. माझे वडील सांगली जिल्ह्यातले. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाला ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. हलगी वाजत असायची, आणि दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून, डोक्याला डोकं लावून नुसते गोल फिरत राहायचे. मी विचारायची, “हे लढत का नाहीत?” वडील म्हणायचे, “लढतायत की. नीट बघ.” त्याला खडाखडी म्हणतात, हे मोठेपणी कळलं. समोरच्याचा तोल कुठे आहे, तो कधी पुढे झुकतो, हात कुठे मोकळा सोडतो, हे त्या खडाखडीत तपासलं जातं. दोन चांगले टेकन खेळाडू फेरीच्या सुरुवातीला एक पाऊल पुढे, दोन मागे, जरा बाजूला असे करत राहतात तेव्हा मला तोच फड दिसतो. आपल्या भाषेत पैलवानाची युक्ती हाही डाव आणि खेळात आपल्या वाट्याला आलेली खेप हाही डाव. हे दोन्ही अर्थ इतके जवळ का आहेत, ते मला या खेळानं दाखवलं.

पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्या एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि खेळातली प्रत्येक हालचाल फ्रेममध्ये मोजलेली असते. सर्वांत जलद फटका म्हणजे डाव्या हाताचा साधा ठोसा, जॅब. तो दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. मोठे फटके पंधरा, वीस, पंचवीस फ्रेम घेतात. पण फटका मारल्यावर हात परत जागेवर यायलाही वेळ लागतो, आणि समोरच्यानं तो अडवला असेल तर त्या धक्क्यातून त्यालाही सावरावं लागतं. दोघांपैकी आधी कोण मोकळा होतो, या वजाबाकीवर डाव कुणाचा ते ठरतं. माझा जॅब भाच्यानं अडवला, तर मी त्याच्या एक फ्रेम आधी मोकळी होते. सेकंदाचा साठावा भाग! लगोलग दोघांनीही पुन्हा जॅब मारला, तर माझा लागतो आणि त्याचा तुटतो. दर वेळी. उलट माझा एखादा जड फटका अडवला गेला आणि मी दहा फ्रेम मागे राहिले, तर त्याचा जॅब मला लागणारच, मग मी कुठलंही बटण दाबो. पंधरा फ्रेम मागे राहिले तर तो मला खालून वर उचलू शकतो, आणि हवेत असताना माझ्या हाती काहीच उरत नाही.

हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अकरा सामन्यांत मी काय करत होते ते आता स्वच्छ दिसत होतं. फटका अडवला गेला की मला वाटायचं, आणखी जोरात, आणखी पटकन मारायला हवं. माझ्या बोलण्यातही हे आहे, असं घरच्यांचं म्हणणं असतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मी माझं सुरू करते. टेकनमध्ये त्याची किंमत तिथल्या तिथे मोजावी लागते, आणि कुणी नाराज न होता.

भाच्यानं मला पॉल फीनिक्स घ्यायला सांगितलं होतं. पॉल १९९४ च्या पहिल्या भागापासून आहे, ज्यूदोवर आधारलेलं त्याचं लढणं सरळ असतं, आणि त्याचा उजव्या हाताचा एक प्रचंड ठोसा आहे. तो लागला की समोरचा पार दूर जाऊन पडतो. मला तो ठोसा येऊ लागल्यावर दोन दिवस मी दुसरं काही केलंच नाही. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या जिंकले. दुसऱ्या दिवशी भाचा तो अडवू लागला, आणि तो अडवला गेला की पॉल काही क्षण अगदी उघडा पडतो. तिसऱ्या दिवशी तर त्यानं अडवायचंही सोडलं. ठोसा निघाला की तो एक पाऊल बाजूला व्हायचा, माझी मूठ हवेतून जायची आणि पॉलची बाजू त्याच्यासमोर यायची.

बाजूला होणं म्हणजे बगल देणं. मला यासाठी दुसरा शब्द शोधावा लागला नाही. तिसरी मिती म्हणून या खेळांचं जे वर्णन होतं ते वाचून मला आधी वाटायचं, की ती दिसण्यापुरती असेल, नुसती सुंदर पार्श्वभूमी. खेळताना कळलं, की बगल ही बचावाची एक वेगळीच जात आहे. फटका अडवला तर आपणही काही फ्रेम अडकतो. बगल दिली तर समोरचा एकटाच अडकतो. अर्थात प्रत्येक फटक्याला बगल देता येत नाही. काही फटके आडवे फिरतात आणि सरकणाऱ्यालाही गाठतात, काही एका बाजूला गाठतात आणि दुसऱ्या बाजूला हुकतात. म्हणून कुणाविरुद्ध डावीकडे सरकायचं आणि कुणाविरुद्ध उजवीकडे, हे माहीत असावं लागतं.

इथे नवशिक्याला एक अडचण येते, ती कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. आपला माणूस पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असेल तर वरचं बटण दाबल्यावर तो पडद्याच्या आत सरकतो, आणि ती त्याची डावी बाजू असते. उलटपालट होऊन तो पडद्याच्या उजवीकडे आला की तेच बटण त्याला त्याच्या उजवीकडे नेतं. बोटांना शिकवलेलं सगळं फिरतं. मी यावर तीन आठवडे अडले होते. आरशात बघून केस विंचरताना हात चुकतो, तसंच काहीसं. शेवटी मी पडद्याची दिशा मनातून काढली आणि मी स्वतः त्या माणसाच्या जागी उभी आहे, असं धरून शिकले. स्वयंपाकघरात उभी राहून खरोखर डावी-उजवी पावलं टाकली. त्यानं उपयोग झाला.

उंचीचा भाग त्या मानानं लवकर समजला. वरचा फटका डोक्यापाशी येतो. तो जलद असतो, पण खाली बसलं की डोक्यावरून जातो. खालचा फटका पायांवर येतो, तो बसूनच अडवावा लागतो. मधला फटका बसलेल्याला लागतो, उभ्यानं अडवता येतो. म्हणजे सतत उभं राहून चालत नाही आणि सतत बसूनही चालत नाही. बहुतेक खालचे फटके थोडंच नुकसान करतात, मधले जास्त. म्हणून शहाणा माणूस बहुतेक वेळ उभा राहतो आणि पायांवरचे दोन-चार फटके सोसतो. मात्र काही खालचे फटके वीस फ्रेमपेक्षाही संथ असतात, ते पाहून बसता येतं. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे पंधरा फ्रेम लागतात. जॅब पाहून अडवणं कुणालाच शक्य नाही. तो येईल असं धरून आधीच तयार असावं लागतं. काय पाहता येतं आणि काय ओळखावं लागतं, या दोन याद्या मी वहीत वेगळ्या केल्या आहेत. माझ्या मते नवशिक्याची पहिली दोन पानं हीच असायला हवीत.

बहुतेक जण मात्र सुरुवात कॉम्बोपासून करून देतात. समोरच्याला उचललं की हवेतच एकामागून एक किती फटके मारायचे, त्यांची लांबलचक साखळी. मला हे पटत नाही. कॉम्बो पाठ करायला एकट्याला करमतं, दिसतोही छान. पण उचलण्याची संधीच ओळखता आली नाही तर ती साखळी वापरणार कुठे? मी पहिले चार महिने चारच फटक्यांचा एक कॉम्बो वापरला आणि उरलेला सगळा वेळ वसुली शिकण्यात घातला.

वसुली हा शब्द आमच्या घरचा. समोरच्याचा जड फटका अडवला, तो मागे राहिला, आता त्याच्याकडून आपलं येणं घ्यायचं. “मावशी, वसूल कर ना! वसूल कर!” असं भाचा शेजारी बसून ओरडायचा आणि मी घाबरून गार्ड धरूनच बसायची. दहा फ्रेमची उधारी असेल तर जॅबपासून सुरू होणारा फटका, पंधराची असेल तर उचलणारा. कुणाची किती उधारी, हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. २६ जानेवारी २०२४ ला ‘टेकन ८’ बाजारात आला तेव्हा त्यात ३२ लढवय्ये होते, पुढे आणखी आले, आणि प्रत्येकाचे फटके शंभराच्या वर. हा आकडा ऐकून पुष्कळ जण पहिल्याच दिवशी कंट्रोलर खाली ठेवतात. त्यांना मी माझा अनुभव सांगते. एक माणूस हातचे पंधरा-वीस फटकेच सारखे वापरतो. जो फटका आपल्याला आज लागला तेवढाच आज शिकायचा. माझी यादी अशीच वाढली आहे, हरलेल्या सामन्यांच्या क्रमानं.

‘टेकन ८’ यासाठी पुष्कळ मदत करतो. सरावाच्या खोलीत प्रत्येक फटका किती फ्रेमचा आणि अडवल्यावर कोण किती मागे, हे पडद्यावर दिसतं. झालेला सामना पुन्हा पाहता येतो, आणि पाहता पाहता नेमक्या चुकीच्या क्षणी थांबून, कंट्रोलर आपल्या ताब्यात घेऊन, तोच क्षण दुसऱ्या तऱ्हेनं खेळून बघता येतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करत आलेल्या मला ही सोय फार मोलाची वाटते.

पकडीचंही एक प्रकरण वहीत आहे. साधी पकड डाव्या किंवा उजव्या हाताच्या बटणानं सोडवता येते. पण किंग नावाचा, जॅग्वारचा मुखवटा घालणारा कुस्तीगीर आहे. मेक्सिकोतल्या मुखवटाधारी मल्लांच्या धर्तीवर तो रचलेला आहे. त्याच्या खास पकडींना हात बघावे लागतात. एक हात पुढे आला तर त्या हाताचं बटण, दोन्ही आले तर दोन्ही. सेकंदाच्या एका तुकड्यात समोरच्याचे हात बघायचे! कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते, म्हणून मी याला तोड म्हटलं. पहिले कित्येक दिवस मला हात दिसलेच नाहीत, मुखवटा तेवढा दिसायचा. मग एका रविवारी दुपारी दोन्ही हात पुढे येताना दिसले, अगदी सावकाश आल्यासारखे, आणि बोटांनी आपोआप तोड काढली. मी उठून उभी राहिले होते. माझ्या या सगळ्या शिक्षणातला तो सर्वांत आनंदाचा क्षण आहे.

ज्यांना हाताची तयारी दाखवायची आहे त्यांच्यासाठी मिशिमा घराणं आहे. काझुया, जिन आणि त्यांच्या जातकुळीतले लढवय्ये. ‘इलेक्ट्रिक’ नावाचा ठोसा ही या घराण्याची चीज. पुढे दाबायचं, सोडायचं, खाली, मग खाली-पुढे तिरकं, आणि ते तिरकं दाबलं जातं त्याच फ्रेमला उजव्या हाताचं बटण. एक फ्रेम उशीर झाला तर ठोसा निघतो, पण वीज चमकत नाही, आणि अडवला गेला तर उधारी आपल्यावर. मागे सरकण्याचीही अशीच एक अवघड रीत आहे, कोरियन खेळाडूंच्या नावानं ओळखली जाणारी. मागे, मागे, तिरकं खाली, पुन्हा मागे, असं न थांबता. त्यात बोटं दुखतात. मी रोज दहा मिनिटांपलीकडे करत नाही. वय झालेल्या सांध्यांनी तेवढंच करावं.

हे सगळं एकटीनं शिकता आलं असतं का? मला नाही वाटत. इथे लाहोरची गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानमध्ये फुकुओकाला झालेल्या ‘एव्हो जपान’ या मोठ्या स्पर्धेत अर्सलान अॅश हा लाहोरचा तरुण टेकन ७ मध्ये जिंकला. तोवर या खेळावर मुख्यतः कोरिया आणि जपानचं वर्चस्व, आणि पाकिस्तानचा खेळाडू इतका पुढे जाईल असं कुणाच्या गावी नव्हतं. जिंकल्यावर त्यानं सांगितलं, की आपल्याकडे आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. कोरियाचा बे जे-मिन, ज्याला सगळे ‘नी’ म्हणून ओळखतात, हा त्या काळच्या सर्वश्रेष्ठांपैकी एक. तो स्वतः पाकिस्तानला गेला आणि तिथल्या खेळाडूंकडून पुन्हा पुन्हा हरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या एव्होच्या अंतिम सामन्यात अर्सलाननं ‘नी’लाच हरवलं. पुढे त्याच्याच देशाच्या आतिफ बटनं २०२३ च्या फेब्रुवारीत आम्स्टरडॅमला टेकनची जागतिक अंतिम स्पर्धा जिंकली.

या खेळाडूंची जडणघडण झाली ती एकाच खोलीत खांद्याला खांदा लावून बसून खेळण्यात. हरला त्यानं उठायचं, पुढच्यानं बसायचं, आणि उठलेल्यानं मागे उभं राहून का हरलो ते बघायचं. आपल्या पार्लरांतही खोली हीच होती, टीव्ही हेच होते. मागे उभं राहून का हरलो ते सांगणारं कुणी तिथे असायचं की नाही, हे मी आत गेले नसल्यामुळे मला सांगता येणार नाही. माझ्या घरी तसं कुणीतरी होतं, आणि या वहीतलं निम्मं त्यानं सांगितलेलं आहे.

भाषेबद्दल थोडं. टेकनमध्ये एक विलक्षण गोष्ट आहे. लढणारे आपापल्या भाषेत बोलतात. जिन जपानीत, ह्वोआरांग कोरियनमध्ये, व्हिक्टर फ्रेंचमध्ये, आसुसेना स्पॅनिशमध्ये, शाहीन अरबीत. किंग तर नुसता गुरगुरतो. आणि समोरच्याला ते सगळं कळतं, कुणी कुणाला दुभाषा मागत नाही. हे पाहिल्यावर आपली टिपणं मराठीत असावीत की नाही, हा प्रश्नच माझ्यापुरता मिटला. काही शब्द मी सहज घेतले: डाव, बगल, वसुली, उधारी, उचल, पकड, तोड, हुकलेला फटका. काही मुद्दाम तसेच ठेवले: गार्ड, फ्रेम, जॅब, कॉम्बो. फ्रेमला मी आधी ‘क्षण’ म्हणून पाहिलं होतं, पण क्षण कुणी मोजत नाही आणि फ्रेम तर मोजायचीच असते. बटणांना सुरुवातीला ‘डाहा, उहा, डापा, उपा’ अशी नावं दिली होती. ती मला अजूनही प्रिय आहेत. तरी वहीत शेवटी १, २, ३, ४ हेच आकडे ठेवले, कारण जगभर याच क्रमानं ते लिहिले जातात: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. इथे शिकलेलं कुणालाही कुठेही वाचता यावं.

वहीचा पहिला धडा कोरा वाटेल. त्यात हल्ल्याचं एकही बटण दाबायचं नाही. सोबत्याला हवं ते मारू द्यायचं आणि आपण तीन सामने फक्त उभं राहायचं, बसायचं, बगल द्यायची. साठ सेकंदांची एक फेरी असते, तीन फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो. तेव्हा हे तिन्ही सामने हरून सगळं अर्ध्या तासाच्या आत आटोपतं. सोबती नसेल तर संगणकाला समोर घ्यावं. त्यानंतरच दुसरं पान उलटावं.

भाचा गेल्या महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला गेला. प्लेस्टेशन इथेच ठेवून गेला, आणि त्याच्यासोबत आपला घोस्टही. ‘टेकन ८’ मध्ये खेळणाऱ्याच्या सवयी शिकून त्याच्यासारखा खेळणारा एक लढवय्या तयार होतो, त्याला घोस्ट म्हणतात. रात्री प्रुफं संपली की मी त्याच्याशी दोन सामने खेळते. बगल देऊन झाल्यावर किंचित थांबण्याची भाच्याची सवय त्यात जशीच्या तशी उतरली आहे. काल दोन-दोन फेऱ्या बरोबरीत होत्या. दोघांचीही शक्ती संपत आलेली, माझा मधला फटका त्यानं अडवला, आणि मला मोह झाला, आणखी एक मारावा. बोट बटणावर होतं. मी गार्ड धरला. त्याचा जॅब आला आणि माझ्या हातावर अडला. डाव त्याचा होता.